मापात न बसणारी बाई

त्या मासिकाबद्दल आम्हा तिघांच्या तोंडून कधी चांगला शब्द निघाल्याचं मला आठवत नाही. तरी ते यायला उशीर झाला की मी पोस्टमनला भर रस्त्यात अडवायचो.

छोट्या रेल्वेगाड्यांचं इंग्रजी मासिक आहे ते. छोट्या म्हणजे टेबलावर धावणाऱ्या. खरी गाडी सत्त्याऐंशी पटींनी लहान केली की जेवढी होईल, तेवढ्या. हे वेड असणारी हिंदी मुलखातल्या आमच्या बुऱ्हाणपुरात आम्ही तीनच माणसं, निदान उघडपणे कबूल करणारी तरी तीनच. पेपर मिलमधून निवृत्त होऊन लालबागेत राहिलेला मी, जन्मभर भूगोल शिकवलेले राजपुऱ्यातले मास्तर, आणि लोधीपुऱ्यातले भाऊ, ज्यांच्या तापीकाठी केळीच्या बागा आहेत. रविवारी सकाळी भाऊंच्या माडीवर जमायचं, खालून वहिनींनी आणलेला चहा घ्यायचा आणि मासिकाची सालं काढायची, हा आमचा शिरस्ता.

भिंग माझं. मिलमध्ये कागदाचा पोत बघायला वापरायचो ते. त्यातून मी इंजिनाचे रिव्हेट बघायचो, सिग्नल रुळाच्या कुठल्या बाजूला आहे ते बघायचो, आणि चूक सापडली की मला दसरा-दिवाळी एकदम व्हायची. मास्तरांचा राग बर्फावर. "पुन्हा डोंगर, पुन्हा बर्फ! यांच्याकडे काय उन्हाळा येतच नाही?" भाऊंचं म्हणणं असायचं, "स्टेशन पाहा कसं मेल्यासारखं आहे. चहावाला नाही, कुत्रं नाही. आणि फलाटावर सगळे कोट-टोपीवाले साहेब!" आपल्याकडच्या वाचकांचं काम छापायचं तर शेवटच्या पानावर, पोस्टाच्या तिकिटाएवढं. यावर तर आम्ही तिघंही तुटून पडायचो.

एकमेकांच्या कामावर मात्र चकार शब्द काढायचा नाही. पूर्वी आमच्यात एक चौथा होता. त्याच्या पुलाला मास्तरांनी नाव ठेवलं आणि तो जो गेला, तो बाजारात दिसला तरी मान फिरवतो. तेव्हापासून नियम ठरला की घरच्या गाडीला फक्त 'वा' म्हणायचं. मी रूळ वाकडे टाकले तरी वा, मास्तरांचा बोगदा दुधाच्या डब्यासारखा दिसला तरी वा. मनात साठलेलं सगळं त्या बिचाऱ्या मासिकावर निघायचं.

मागच्या हिवाळ्यातल्या एका अंकात शेवटच्या पानावर एक फोटो आला, या वेळी चांगला पोस्टकार्डाएवढा. खाली नाव नव्हतं, नुसतं 'एक वाचक'. छोटंसं स्टेशन, मागे केळीची रांग, एक मालगाडी, आणि फलाटावर डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई. भाऊंनी अंक माझ्यासमोर सरकवला. "हे पाहा बरं. कसं वाटते? एकदम खरं खरं सांगा."

त्यांनी 'खरं' असं दोनदा म्हटलं, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं. मी भिंग लावलं आणि पहिल्या नजरेतच मला माझी शिकार सापडली. या मापात माणूस बोटाच्या पेराएवढा असतो. शेजारच्या डब्याच्या हिशेबानं ही बाई चांगली करंगळीएवढी होती, डब्याच्या छपरापेक्षाही उंच.

"अहो, ही गाडीत बसायला आलेली नाही," मी म्हणालो, "ही गाडी टोपलीत घालून न्यायला आली आहे!"

मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. हशा मिळाला की माझी जीभ सुटते, हा माझा जुना रोग. मी पुढे म्हणालो की जिने का ज्याने ही बनवली, त्या माणसाने जन्मात कधी रेल्वे पाहिलेली नाही, आणि अशा बाया करायच्या असतील तर गौरीपुढच्या आराशीत ठेवाव्यात. भाऊ शांतपणे ऐकत होते. "इतकी खराब वाटते?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "सगळं काम नासवलंय तिनं."

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. कधीपासून, ते मला माहीत नाही. त्यांनी ट्रे ठेवला, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "दाखवा बरं भाऊजी, कोणती बाई?" मी दाखवली, भिंगही दिलं. त्यांनी भिंग न लावताच पाहिलं. "हां, मोठी तो आहे," म्हणाल्या आणि खाली गेल्या. मी दुसरं बिस्कीट उचललं.

पुढच्या रविवारी भाऊ आम्हाला माडीवर न नेता शेतावर घेऊन गेले. पंपाशेजारच्या खोलीत एका मोठ्या फळीवर तेच स्टेशन होतं, तीच मालगाडी, तीच केळीची रांग. मास्तर लगेच "वा! वा!" म्हणायला लागले आणि मग मध्येच थांबले.

फलाटावर बाई नव्हती. ती जिथे उभी होती तिथे फेविकॉलचा वाळलेला ठिपका होता, आणि आजूबाजूला दुकानातून मागवलेली माणसं, कोट घातलेली, टोप्या घातलेली, हातात छत्र्या. मागे तापीकाठची केळी आणि पुढे हे साहेबलोक.

"आता मापात एकदम बरोबर आहे," भाऊ म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. "आपल्यात कोणी खरं बोलत नाही ना. म्हणून मी नाव न देता फोटो धाडला होता. तुम्ही बोलले ते बरोबर होतं."

"बाई कोणी केली होती?" मास्तरांनी विचारलं. मी विचारलं नाही. मला कळून चुकलं होतं.

"घरातूनच. मैद्यात फेविकॉल कालवून केली. इतकी वर्षं आपल्या या खेळण्याला नाक मुरडायची. या वेळी स्वतःच बोलली, तुमच्या स्टेशनात एक बाई तो पाहिजे. रोज दुपारी इथे येऊन बसायची." भाऊंनी एका साहेबाची छत्री सरळ केली. "आता नाही येत. बोलते, मला नाही जमत ते."

परत येताना मला स्वतःची इतकी लाज वाटत होती की मास्तरांनी पानाच्या ठेल्यापाशी स्कूटर थांबवली, तेव्हा मी उतरून पायीच निघालो. चूक माझ्या मापात नव्हती, ती बाई खरंच मोठी होती. मला लाज वाटली ती याची, की मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. मी तिला फक्त मोजलं होतं, आणि तेही मास्तरांना हसवण्यासाठी.

घरी येऊन तो अंक काढला आणि भिंग लावलं. टोपलीतली केळी एकेक वेगळी वळलेली होती. वरच्या दोन केळ्यांवर काळे ठिपके होते, पिकल्यावर येतात तसे. लुगड्याला बारीक काठ होता. बाईची मान गाडी येते त्या बाजूला वळलेली होती. इतकी वर्षं मी आणि भाऊ ओरडत होतो की या मासिकात फलाटावर आपलं एक माणूस नाही. एकदा एक आलं, तर मी त्याला हाकलून दिलं.

त्यानंतरच्या रविवारी मी माडीवर न जाता आधी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. वहिनी कणीक तिंबत होत्या. फळीवर चहापत्ती आणि साखरेच्या डब्यांमध्ये ती बाई उभी होती, टोपलीसकट. तिथे ती मुळीच मोठी वाटत नव्हती.

मी घडाघडा बोलून टाकलं. की मी मूर्खासारखं बोललो, की मासिकात इतक्या वर्षांत इतकं जिवंत काही आलं नाही. केळ्यांवरचे ठिपके सांगितले, काठ सांगितला, मान सांगितली. तिला परत फलाटावर ठेवा, असं अगदी हात जोडून सांगितलं.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पिठाचे हात त्यांनी परातीच्या काठावर निरपले आणि आधणात चहापत्ती टाकली.

"बसा भाऊजी," त्या म्हणाल्या. "तोंडावर तो तुम्ही सगळे वा वा च करता ना. तुमचा नियमच आहे तो."