वकीलीणबाई आणि अर्धं पाकीट

डॉक्टरनं चिठ्ठी हातात दिली की माणूस उठतो. आमची ही उठायची नाही. मागं वीस माणसं खोळंबलेली असोत, कंपाउंडर दारातून "चला, पुढचे या" म्हणून ओरडत असो, ती खुर्चीवर पाय वर घेऊन बसायची आणि म्हणायची, "आता हे वाचून दाखवा साहेब. मला वाचता येत न्हाई, पण ऐकता येतं." डॉक्टरला वाचावं लागायचं. एकानं एकदा चिडून विचारलं, "बाई, डॉक्टर तुम्ही का मी?" ती म्हणाली, "तुम्हीच. पण गोळी गिळायची आम्हाला."

गावातलं कुणीही दवाखान्यात निघालं की तिला बरोबर न्यायचं, म्हणून आमच्या धावड्यात माझ्या बायकोला सगळे वकीलीण म्हणत. तोंडावर वकीलीणबाई, पाठीमागं नुसतं वकीलीण. तिला दोन्ही माहीत होतं आणि दोन्ही आवडत होतं. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. हयातभर घेतलं नाही, आता कागदावर कशाला घेऊ? मी चौथी शिकलेला माणूस. लिहिताना चुकलो तर चुकलो. पण हे लिहायचंच आहे, कारण ती गेल्यापासून गावात तिच्याबद्दल एक गोष्ट सांगून राह्यलेत आणि ती अर्धीच सांगतात.

माझ्या छातीत, हृदयाच्या नळीत, जाळी बसवली तेव्हापासून मला रोजच्या गोळ्या लागल्या. वकीलिणीनं तिच्या जुन्या लुगड्याची एक पिशवी शिवली, आत कप्पे केले. सकाळच्या कप्प्याला लाल टाका, संध्याकाळच्याला काळा. अक्षर येत नव्हतं, पण गोळीचा रंग, आकार, पाकिटाची चमक हे सगळं तिच्या ध्यानात. एकदा दुकानदारानं दुसऱ्या कंपनीची गोळी दिली, रंग वेगळा. ती तशीच माघारी गेली आणि म्हणाली, "ही आमची न्हाई." दुकानदार म्हणाला, औषध तेच आहे. ती म्हणाली, "मंग डॉक्टरला फोन लावा आणि माझ्यासमोर विचारा." दुकानदारानं लावला. औषध तेच होतं. ती म्हणाली, "बराबर. आता द्या." हरल्याची लाज तिला कधी वाटली नाही.

करोनाची मोठी लाट गावानं कशीबशी काढली. पुढं तो एकदा परत आला तेव्हा लोकांना त्याची भीती राह्यली नव्हती. मलाही नव्हती. हरभरा सोंगायला आल्ता, आणि मला सोमवारी कणकण आली. मी खोकला दाबून शेतात गेल्तो. मंगळवारीही गेलो. बुधवारी सकाळी ती बांधावर येऊन उभी राहिली.

"विळा ठेवा."

"एवढा तुकडा राह्यलाय."

"हरभरा चार दिवस थांबल. सोमवारी ताप, आज तिसरा दिवस. चला."

तालुक्याला, भोकरदनला, डॉक्टरांनी नाकात काडी घातली. करोनाच निघाला. वय सत्तरच्या पुढं, छातीत जाळी. डॉक्टर म्हणाले, ह्यावर आता गोळी आहे, पण ती ताप आल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू करावी लागते, तुम्ही वेळेत आलात. वकीलिणीनं माझ्याकडं नुसतं बघितलं. ते बघणं शंभर शिव्यांच्या बरोबरीचं होतं.

मग डॉक्टरांनी विचारलं, "दुसरी कुठली औषधं चालू आहेत का?"

मी म्हणालो, "काई न्हाई."

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा खोटं बोलला. खोटं नव्हतो बोललो. आमच्याकडं औषध म्हणजे आजारी पडल्यावर घेतात ते. रोजची गोळी ही रोजचीच, भाकरीसारखी. तिला कोण औषध म्हणतं? गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारून बघा. शुगरची, बीपीची, झोपेची खात असेल आणि सांगेल, मला एक पण औषध नाही. छाती पुढं काढून सांगेल.

वकीलिणीनं पिशवी उलटी केली. डॉक्टरांच्या टेबलावर माझ्या गोळ्यांचा ढीग पडला. "हा माणूस खोटं बोलून न्हाई राह्यला," ती म्हणाली, "ह्याला कळतच न्हाई. हे सगळं रोज ह्याच्या पोटात जातं. आता बोला."

डॉक्टरांनी एकेक पाकीट उचलून बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, "बाई, बरं झालं आणल्या. ही नवी गोळी ह्यातल्या काही गोळ्यांचा जोर अंगात वाढवते." त्यांनी माझ्या छातीच्या डॉक्टरला फोन लावला. दोघं बराच वेळ बोलले. रक्तातल्या चरबीची गोळी ते सांगेपर्यंत बंद, बीपीची निम्मी करायची आणि रोज बीपी मोजायचं, रक्त पातळ करायच्या गोळीचं दोघांनी मिळून ठरवलं. हे माझं. तुमचं तुमच्या डॉक्टरला विचारा. लघवीचा, मूत्रपिंडाचा काही त्रास आहे का म्हणून माझं रक्तही तपासलं. ढिगात गुडघ्याची एक पांढरी पुडी होती, बाजारात बसणाऱ्या एका वैदूकडून मी आणलेली.

"ह्यात काय आहे?" डॉक्टर म्हणाले.

"देणाऱ्यालाच माहीत," वकीलीण म्हणाली.

"मग बंद."

"मी दोन वर्षं सांगून राह्यले."

एवढं झाल्यावर दुसरी बाई उठली असती. हिनं पाय वर घेतले. एखादी वेळ चुकली तर? आठ तासांच्या आत आठवलं तर घ्या, त्याहून उशीर झाला तर ती सोडा आणि पुढची वेळेवर घ्या, दोन वेळच्या एकदम घ्यायच्या नाहीत. फोडून गुळात दिली तर? नाही, अख्खी गिळायची. बरं वाटलं तर थांबवायची का? नाही, पाच दिवस पूर्ण. पळत कधी यायचं? दम लागला, छातीत दुखलं, अंगावर पुरळ आलं, तोंड सुजलं, डोळे पिवळे दिसले तर लगेच. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "आता मी सांगते, तुम्ही ऐका. चुकलं तर टोका." आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं त्यांना म्हणून दाखवलं. डॉक्टर कंपाउंडरला म्हणाले, "थांब रे, बाईंचं होऊ दे."

घरी आल्यावर तिनं सुतळीला दहा गाठी मारल्या. सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. एक वेळ गोळ्या घेतल्या की एक गाठ सोडायची. एका वेळेला तीन गोळ्या, दोन एका जातीच्या आणि एक वेगळी. तोंडात दिवसभर तांब्याची तार चघळल्यासारखं कडू व्हायचं. चौथ्या दिवशी ताप गेला, भूक लागली. मी म्हणालो, बस झालं आता. ती म्हणाली, "गाठी मोजा." तीन राहिल्या होत्या. मी म्हणालो, अगं मी बरा आहे. ती म्हणाली, "तुम्ही बरे कधी होतात?"

गावात सांगतात ती गोष्ट ह्याच पाच दिवसांतली.

मला गोळ्या सुरू झाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी माझा धाकटा भाऊ तापानं पडला. त्याचं घर आमच्या घराला लागून, मधी फक्त एक भिंत. त्याची बायको शांता दारात आली. हातात वाटी. आम्हा दोन घरांत वाट्यांचा रस्ता पहिल्यापासून होता. विरजण, तिखट, बियाणं, काय लागेल ते. शांतानं वाटी पुढं केली आणि म्हणाली, "अक्का, दादांच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट द्या. ह्यांना तसाच ताप हाय, तसाच खोकला."

वकीलीण तोंडाला पदर बांधून उंबऱ्यात उभी राहिली. "न्हाई."

शांताला वाटलं नीट ऐकू गेलं नाही. "निम्म्याच द्या म्हणते मी."

"एक बी न्हाई. ह्या ह्यांच्या नावानं लिहिल्यात, ह्यांच्या मापाच्या. अर्ध्या दिल्या तर ह्यांचं बी अर्धं राहील आणि भाऊजींचं बी."

"मला विरजण देता, मीठ देता, आणि नवरा मरून राह्यला तर गोळी देत न्हाई?"

"विरजण चुकलं तर दही बिघडतं, शांते."

मी आतून, अंथरुणावरून ओरडलो, "अगं देऊन टाक चार!" माझा सख्खा भाऊ होता तो.  वकीलिणीनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. शांता म्हणाली, "ह्यांना काही झालं तर?" ती म्हणाली, "तर गावभर माझ्या नावानं बोंब मार. पण गोळी न्हाई."

शांता वाटी आपटून गेली. तो आवाज आळीभर गेला. गाव एवढंच सांगतं. गोष्ट इथंच संपते, वकीलिणीनं दिराला गोळी दिली नाही.

पुढचं मी सांगतो. अर्ध्या तासात वकीलिणीनं जीप ठरवली. धाकट्याला स्वतः धरून जीपमध्ये बसवलं, आपल्याला लागण होईल ह्याची भीती न धरता. शांताच्या कपाटातून त्याच्या शुगरच्या, बीपीच्या जेवढ्या गोळ्या होत्या तेवढ्या पदरात बांधल्या आणि भोकरदन गाठलं. शांता जीपमध्ये बसली, पण तिच्याशी एक शब्द बोलली नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं. धाकट्याचं मूत्रपिंड शुगरनं कमजोर झालेलं, त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "भावाच्या मापानं घेतल्या असत्या तर ह्यांच्या अंगात साचल्या असत्या. त्यांना ज्या दोन, त्यातली ह्यांना एकच." माप कमी करून त्याच्या नावानं वेगळ्या गोळ्या लिहिल्या. दहाव्या दिवशी धाकटा शेतात पाणी धरत होता.

तरी वाट्यांचा रस्ता बंद झाला तो झालाच. माणूस जीप विसरतो. दारातला नकार विसरत नाही. पुतणीच्या साखरपुड्याला आम्हाला अक्षता आल्या नाहीत. मी म्हणालो, जायचं नाही. तिनं नवं पातळ नेसलं, गेली, बायकांत पहिल्या रांगेत बसली आणि पुतणीची ओटी भरून शांताला म्हणाली, "बोलावणं पाठवायचं तुमचं राहून गेलं असंल. माझं यायचं कसं राहील?"  मी वकीलिणीला घरी विचारलं, कशाला गेलीस अपमान करून घ्यायला? ती म्हणाली, "मी खरी होते. खऱ्या माणसानं घरात का बसायचं?"

गेल्या पौषात ती गेली. सकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या एका कुशीवर कलंडली. मेंदूतली नस फुटली म्हणाले. दोन दिवस दवाखान्यात होती. तिथल्या डॉक्टरनं मला विचारलं, "ह्यांना बीपीची गोळी चालू होती का?" मी पिशवीत हात घातला. लाल टाका, काळा टाका, सगळे कप्पे भरलेले. तिच्या नावाची एकही गोळी त्यात नव्हती. तिचं बीपी कधी कुणी मोजलंच नव्हतं. साऱ्या गावाच्या चिठ्ठ्या तिनं वाचायला लावल्या, आणि मी तिच्यासाठी एकदाही खुर्चीवर पाय वर घेऊन बसलो नाही. ह्याचं मला कुणी समाधान सांगायला येऊ नये. आलं तर मी दारातूनच परत पाठवीन.

तेराव्याला भाऊबंद जमले. पंगत बसायची होती. बायका बाजूच्या खोलीत, मधी उघडं दार. शांता कुणाला तरी सांगत होती, मला ऐकू यावं एवढ्या आवाजात. "कामाला वाघीण होती, न्हाई म्हणत न्हाई मी. पण मनाची कठोर. माझ्या नवऱ्याला एक गोळी दिली न्हाई."

मी उठलो. गुडघे दुखतात, वेळ लागला, पण उठलो. दारात जाऊन उभा राह्यलो.

"न्हाई दिली," मी म्हणालो. "बराबर बोललीस. मी दे म्हणत होतो. मी दिल्या असत्या. तिनं दिल्या न्हाईत."

 धाकटा माझ्यामागं आला, हळूच म्हणाला, "दादा, जाऊ द्या. आज नको."

"आजच. उद्या हे सगळे घरी जातील आणि अर्धीच गोष्ट घेऊन जातील. ती गेली. आता तिचं नाव तेवढं माझ्याकडं हाय, ते मी कुणाला खराब करू देणार न्हाई. तू सांग. डॉक्टर तुला काय म्हणाला, तू सांग."

धाकटा खाली बघत होता. त्याला त्याच घरात राहायचं आहे, मला कळतं. मी थांबलो. बुंदीचं पातेलं घेऊन आलेला आचारी दारातच उभा राह्यला. कुणी खाकरलं. मी तरी थांबलो.

"माझं मूत्रपिंड कमजोर निघालं," धाकटा शेवटी म्हणाला. बायकोकडं न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "दादाच्या मापानं घेतल्या असत्या तर वाईट झालं असतं म्हणाले. वयनीनं न्हाई दिल्या, ते बराबर केलं. मला दवाखान्यात बी वयनीच घेऊन गेल्ती. मी हे आधीच सांगायला पाहिजे होतं."

शांतानं पदर तोंडाला लावला आणि उठून परसात गेली. तिच्यामागं कुणी गेलं नाही. ती आत आली की नाही, मला माहीत नाही. मी बघितलं नाही.

पंगत बसली. ती गेल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता, चहावर दिवस काढत होतो. त्या दिवशी मी पोटभर जेवलो. समोरच्या रांगेतला एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "बायकोच्या तेराव्याला कसा जेवून राह्यलाय बघ." मी वाढप्याला हाक मारली आणि आणखी भात वाढ म्हणालो.