फिट, झोप आणि दुपारची डबलबारी

"तुम्हाला एपिलेप्सी आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पंखा बंद केला. म्हणजे पंखा खडखडत होता म्हणून. पण मला वाटलं, पुढचं ऐकताना पेशंटला घाम फुटायला हवा, अशी हॉस्पिटलची काही पद्धत असेल.

एपिलेप्सी म्हणजे अपस्मार. आपण फिट म्हणतो, कुणी मिरगी म्हणतं. मॅडमनी सोपं करून सांगितलं. मेंदूचं काम बारीक बारीक विजेवर चालतं. ती वीज मधेच भलतीकडे उसळली की माणसाला झटका येतो. माझ्या एमआरआयमध्ये, म्हणजे मेंदूच्या आतल्या फोटोत, एक ठिपका दिसला होता. जुन्या कुठल्यातरी इन्फेक्शनचा वण.

"एवढ्या मोठ्या डोक्यात एवढासाच?" मी म्हटलं.

मॅडम हसल्या नाहीत. "तेवढा पुरतो. आणि तुमच्या बाबतीत झोप मोडली की फिटला आमंत्रण."

शेजारी माझी बायको सुनंदा बसली होती. तिने एकच विचारलं, "ह्यांना गाता येईल ना?"

"खुशाल गाऊ द्या. जागरण मात्र बंद. कायमचं."

नारळ हातात द्यायचा आणि आतलं पाणी नि खोबरं काढून घ्यायचं, तसं झालं. कारण मी डबलबारीचा बुवा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या कोकणी माणसांत दोन भजनी मंडळं समोरासमोर बसवतात. एक बुवा पेटीवर गातो, दुसरा त्याला गाण्यातून उत्तर देतो, टोमणे मारतो, सालं काढतो. रात्री जेवणं उरकली की सुरू, ती उजाडेपर्यंत. मी दिवसा मरोळच्या एका कारखान्यात पुठ्ठ्याचे खोके बनवतो, पण माझी खरी नोकरी ती. घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावर मी वरचा सा लावला की पवई तलावातल्या मगरी काठावर येऊन बसतात. खोटं वाटत असेल तर मगरींना विचारा.

पहिली खूण खरं तर आधीच दिसली होती. एका बारीनंतर सकाळी झोपून उठलो तर जीभ चावलेली, अंग ठेचल्यासारखं. मी म्हटलं, पानात चुना जास्त पडला. अंगदुखीचा आणि चुन्याचा काय संबंध, हे मी स्वतःला विचारलं नाही. तुम्ही विचारा. झोपेत जीभ चावली जाणं ही फिटची खूण असू शकते.

मग आमच्या चाळीचा सत्यनारायण आला. आदल्या दोन्ही रात्री बारी झालेली. सकाळी आरतीला उभा राहिलो. डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या. कापराचा वास एकाएकी रबर जळल्यासारखा वाटायला लागला. पुढचं मला आठवत नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा डोकं सुनंदाच्या मांडीवर. समोर नारळ, अगरबत्ती, माझ्या कपाळावर मूठभर हळदकुंकू आणि सगळी चाळ हात जोडून बसलेली. मी पडलो, थरथरलो, डोळे फिरवले, तर लोकांनी ठरवलं की बुवांच्या अंगात आलं! आता एवढी वर्षं देवाचं गातोय म्हटल्यावर देवाने एकदा येऊन जाणं त्यांना अगदी रास्त वाटलं.

शेजारच्या सावित्रीकाकी पुढे सरकल्या. आमची जुनी चाळ सोडायची म्हणून त्यांनी खालच्या नव्या इमारतीत घर घेतलं होतं आणि बिल्डर त्यांना झुलवत होता. "देवा, आमच्या घराची चावी तो कधी देतलो?"

मी कसंबसं म्हटलं, "पाणी."

"बघा! पाण्याचा काम अडकलाहा!" काकींनी जाहीर केलं.

"देव नाय नि वारा नाय," सुनंदा ओरडली, "रिक्षा बोलवा!"

मी बेशुद्ध असताना कुणीतरी दातखीळ बसू नये म्हणून माझ्या तोंडात स्टीलचा चमचा घातला होता. पुढचा अर्धा दात त्यात गेला. म्हणून हात जोडून सांगतो, कुणाला फिट आली तर तोंडात काही घालू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका. हातपाय दाबून धरू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ द्या, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ हॉस्पिटल गाठा. नारळ ठेवायचाच असेल तर नंतर ठेवा, चटणीला येईल.

हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी अख्खी मुंबई बघितली. नंबर येईपर्यंत माझी दाढी कमरेपर्यंत वाढली आणि मी ती दोनदा कापून आलो. मग ईईजी झाला. ईईजी म्हणजे डोक्याला तारा चिकटवून मेंदूतल्या विजेचा आलेख काढणं. दुखत नाही, केस मात्र डिंकाने माखतात. आदल्या रात्री कमी झोपून या, असं त्यांनी सांगितलं होतं. म्हटलं, ही परीक्षा मी पहिल्या नंबराने पास होणार.

गोळी सुरू झाली, लेव्हेटिरासेटम. नाव पाठ व्हायलाच चार दिवस गेले. सकाळी एक, रात्री एक. सुरुवातीला फार चिडचिड होते. मी भाजीतल्या मोहरीवर ओरडत होतो. मॅडमना सांगितलं तर त्यांनी डोस जमवून दिला. "मनाने गोळी बंद करायची नाही," हे त्या इतक्यांदा म्हणाल्या की मी त्याला चाल लावली.

घरही बदललं. मोरीच्या दाराला आतून कडी नाही. मोटरसायकल मेव्हण्याकडे गेली. कारखान्यात कटिंग मशीनवरून मला मोजणी-बांधणीला बसवलं. गावच्या गाडीत वरचा बर्थ नाही. आणि दहाच्या आत दिवा बंद. पहिल्या आठवड्यात मी त्या अंधारात कैद्यासारखा पडून होतो. नंतर लक्षात आलं की आपण अनेक वर्षांत सकाळ बघितलीच नाही. म्हणजे बघितली होती, पण आदल्या दिवशीची शेवटची गोष्ट म्हणून.

मला झोप लागायला लागली. सुनंदाची गेली.

मी घोरतो. माझं घोरणं मुलुंडपर्यंत जातं. ते थांबलं की ती ताडकन उठायची आणि माझ्या छातीवर हात ठेवायची. तिला झोप लागावी म्हणून मी जागेपणीच खोटं घोरायला लागलो. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अवो, खरंच घोरता तेव्हा पेटीची काळी चार पट्टी असते. ही काळी एक. झोपा आता." बुवाच्या बायकोला फसवणं कठीण.

पुढच्या तपासणीला मॅडमनी माझ्याकडे न बघता तिला विचारलं, "तुम्ही झोपता का?" ती म्हणाली, "पडते ना." मॅडम म्हणाल्या, "पडणं वेगळं."

इकडे मंडळात माझं काय झालं होतं? मी गेलो की खुर्ची. गाणाऱ्याला खुर्ची! आम्ही जमिनीवर बसणारी माणसं. चहात साखर जास्त. आवाज खाली. "बुवा, तुम्ही फक्त नारळ फोडा, बारीचं आम्ही बघतो." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला भीती फिटची नव्हती एवढी या प्रेमाची होती. गोळीने फिट आवरली, पण मी पुन्हा बारीला बसणार की नाही, हे आता कुणी विचारतच नव्हतं.

तेव्हा वासूबुवा आला. भांडुपचा. वीस वर्षं हा माणूस माझ्यासमोर बसून माझ्या आवाजापासून धोतरापर्यंत सगळ्याची अब्रू काढत आला. दारातच ओरडला, "काय रे गण्या, मेलास की काय?"

मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, "तुला पोचवल्याशिवाय नाय मरत."

सुनंदाने त्याला तिसरं घावन वाढलं तेव्हा त्याने चौकशी केली. "डॉक्टरीण नेमकं काय म्हणाली?"

"जागरण बंद."

"रात्रीचं ना? दुपारी गाऊ नको म्हणाली?"

"दुपारी बारी कुठे असते रे?"

"का? दुपारी देव ड्युटीवर नसतो?"

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "गोळी चुकवायची नाही, पाणी पीत राहायचं, दमलात तर थांबायचं. आणि मला बोलवा." दोन्ही मंडळांत मात्र भांडण पेटलं. कधी कुणी बारी दुपारी लावली नव्हती. लोक वरण-भात खाऊन घोरतील, असं आमच्या मंडळातला एक गाणारा म्हणाला. वासू म्हणाला, "तुझं गाणं ऐकून रात्रीसुद्धा घोरतात. तेव्हा काय म्हणतोस?"

रविवारी दुपारी, भांडुपच्या एका शाळेच्या सभागृहात बारी लागली. आणि बायका आल्या! रात्रीच्या बारीला आमच्या बायका कधी पूर्ण बसल्याच नव्हत्या. पहाटे नळाला पाणी, मग डबे. सुनंदाने लग्नापासून माझी एकही बारी शेवटपर्यंत ऐकली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. ती पुढे येऊन खांबाला टेकून बसली, माझा चेहरा दिसेल अशी.

वासूने पहिली बारी घेतली. याने मला सांभाळून घेतलं तर मी संपलो. त्याने पेटी दाबली आणि तोंड उघडलं,

"गणूबुवांचा झाला कोंबडा, दिवा लावता मिटतो डोळा,
आरवायाचे विसरून गेला, उरला नुसता तुरा नि गळा!"

कुणी हसेना. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीच पहिला हसलो, असा की पेटीचा भाता आपोआप हलला. मग छप्पर उडालं. माझी पाळी आली तेव्हा मी सोडतो की काय?

"माझी झोप डॉक्टरीणबाईंनी लिहून दिली कागदावर,
तुझं गाणं ऐकून झोपते जनता, त्याला औषध काय, सांग बरं!"

असे आम्ही संध्याकाळपर्यंत भांडलो. मधेच त्याने मला डोळ्यांनी विचारलं, बरा आहेस ना? मी पाणी प्यायलो, मान हलवली. बोटांना मुंग्या नाहीत, कसला वास नाही.

शेवटच्या गजराला मी सूर चढवला, साथीला दोन मृदंग, आठ जोड्या झांजा, आणि सुनंदाकडे बघितलं. ती झोपली होती. खांबाला डोकं टेकून, तोंड उघडं, हात मांडीवर सैल पडलेले. एवढ्या गदारोळात गाढ. आजूबाजूला दोनशे डोळे माझ्यावर होते, तिने आपले दोन मिटले.

वासूनेही बघितलं. डबलबारीत याहून मोठा विजय नसतो. समोरच्या बुवाची स्वतःची बायको त्याच्या गाण्यात झोपलेली, आणि माइक हाताशी. माझ्याच ओळीने त्याने मला तिथे गाडलं असतं आणि भांडुपला पुढची वीस वर्षं हसायला पुरलं असतं.

त्याने माइक बाजूला सरकवला. मृदंगवाल्याला हाताने खूण केली, हळू. झांजा थांबवल्या. आणि माझा सूर त्याने खालच्या पट्टीत उचलून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघं एकच गजर गायलो, कुणाच्या कानात पडेल न पडेल इतक्या आवाजात.