गवत ठेवून निघायचं

लग्न होऊन आले तेव्हा वाडीतली सगळ्यात हुशार सून मीच, असं एका माणसाचं ठाम मत होतं. ते माणूस म्हणजे मी. हुशारी कसली, तर थोरल्या जावेच्या आधी गुरं घेऊन गायरानात पोचायचं. कोवळा कोंब वर आला रे आला, की माझ्या गाईच्या तोंडात. जाऊ धापा टाकत यायची तोवर मी धोंड्यावर ऐटीत बसलेली. तोरा असा, जणू समोरचा राजगड मीच बांधलाय! रोज ओरबाडलं की गवत पुन्हा डोकं काढत नाही, हे त्या हुशार डोक्यात शिरलंच नाही. आम्हा सगळ्यांच्या शर्यतीत गायरानाला टक्कल पडलं.

यंदा माझ्या सुनेनं वाडीपुढं मांडलं, गायरानाचे चार तुकडे करू. सगळ्यांची गुरं एकत्र एका तुकड्यात चारायची, थोडं गवत शिल्लक असतानाच पुढच्या तुकड्यात न्यायची. मागचा तुकडा वाढेपर्यंत बंद. माणसं कशीबशी तयार झाली, तीही एका पावसाळ्यापुरती. बंद तुकड्यात कुणाचं एक जरी जनावर दिसलं, तर सगळे आपापली गुरं मोकळी सोडणार.

"पयली हिचीच गाय घावंल," जाऊ सगळ्यांदेखत म्हणाली. "मी वळखून हाय हिला."

सून बेरकी. तिनं राखणीला आम्हा दोघींनाच बसवलं.

हद्दीच्या दोरीला जुन्या साड्यांच्या चिंध्या बांधल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात जावेच्या गाईनं माझ्या हळदीच्या साडीची चिंधी चावून गिळली. मी ओरडले तर जाऊ म्हणते, "लगीन झाल्यापास्नं त्या साडीकडं कुणी बगितलं न्हाई. गाईनं चाखली तरी!"

चारी तुकडे फिरून पुन्हा पहिल्यावर आलो, तर मारवेल गवत माझ्या गुडघ्याला, उंच जावेच्या पोटरीला लागलेलं. दोरी सोडली आणि गुरांनी जी मान खाली घातली, ती वर काढीनात. ऐकत राहावं असा करकर आवाज.

आणि मग निघायचा दिवस आला. गवत अजून वीतभर उभं. सगळी गुरं पलीकडं गेली, माझी गाय चरतच राहिली, आणि मी काही उठेना. जावेला म्हटलं,

"आक्का, आजच्या दिस ऱ्हाऊ दे की. एवढं हिरवंगार सोडून जायाचं?"

हद्दीवर सून उभी. तोंड उतरलं होतं. तिच्याच सासूची गाय मागं राहिली, तर वाडी तिचं पुन्हा कशाला ऐकेल?

जावेनं माझ्या हातातलं दावं हिसकलं. "ऊठ! पोरीचं नाक कापतीस व्हय? गाईला कळंल, तुला कवा कळायचं?" आणि माझी गाय, बेईमान, तिच्यामागं मुकाट चालायला लागली. मीही निघाले. करते काय?

जावेनं स्वतःच्या हातानं दोरी बांधली, गाठ ओढून पाहिली आणि सुनेला विचारलं, "आता ह्यो कवा उगडायचा?"

"गवत गुडघ्याला लागलं की, मोठ्या आई."

जावेनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"माज्या गुडघ्याला धर. हिच्या धरलंस तर परवाच उगडावं लागंल."