पदराला पेट्रोलचा वास

पेट्रोल पंपावर उभी राहिले की मला अजून आजी आठवते. आजी म्हणजे आईची आई. नर्सची नोकरी करत, खेडोपाडी पायी फिरत तिने एकटीने आईला वाढवलं. निवृत्त होऊन ती पिपरी मेघेला आमच्याकडे आली आणि रोज दुपारी ‘देवळात जाते’ म्हणून बाहेर पडू लागली. परतायची तेव्हा पदराला पेट्रोलचा वास असायचा. एकदा तर कोपरही खरचटलं होतं. “देवळात कोनी पडते काय?” आईने विचारलं. “पायरी घसरली,” एवढंच आजी म्हणाली. शेजारणीने तिला कुण्या माणसासोबत पाहिल्याचं सांगितलं, तेव्हा मात्र आईने ऑफिसातून सुट्टी काढली आणि मला घेऊन तिच्या मागावर निघाली. आजी देवळावरून सरळ पुढे मैदानात गेली. तिथे तिच्या दवाखान्यातला जुना कंपाउंडर लुना धरून उभा होता. आजीने पदर खोचला आणि लुनावर बसून धूळ उडवत सुटली. “माय, हे काय करून राह्यली तू?” आई ओरडली. आजी थांबली. “जनमभर पायी हिंडली मी. तुले सांगतलं असतं, तर शिकू देलं असतं काय?” पर्स माझ्या हातात देऊन आई आजीच्या मागे बसली. आईच्या लहानपणी आजी बाळंतपणं करायला निघून जायची आणि आई शेजाऱ्यांकडे वाट पाहत राहायची. त्या दुपारी आईने तिला इतकं घट्ट का धरलं होतं, ते मला आता कळतं.