बिनलिंबाची जीप

आमची जीप खड्डा दिसला की डावीकडे पळायची. सपाट डांबरावर शहाण्यासारखी चालायची, पण चाक जरा उचललं गेलं की स्टेअरिंगला असा हिसका बसायचा की मनगटं दुखावीत. आता नव्वदीच्या सुरुवातीला भाईंदर पूर्वेला सपाट डांबर आणायचं कुठून? खड्ड्यांच्या मधे जी जागा उरायची तिला आम्ही रस्ता म्हणायचो. त्यामुळे जीप बहुतेक वेळ डावीकडेच निघालेली असायची.

जीप अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. मराठवाड्यातल्या गावातून ते फौजेत गेले, सगळी नोकरी फौजी गाड्या चालवण्यात काढली आणि निवृत्त झाल्यावर भाईंदरला घर घेतलं. आईला फ्रिज हवा होता. आली लिलावातली जीप. आई त्यावर बरंच बोलली, पण अण्णांना गाडीवरून काही बोललं की त्यांचे कान आपोआप बंद होत.

आमची बिल्डिंग जुन्या मिठागराच्या जागेवर, खारी गावाच्या अलीकडे. बिल्डरने बिल्डिंग बांधली आणि रस्ता बांधायचं राहूनच गेलं. मोठ्या भरतीला खाडीचं पाणी पार फाटकापर्यंत येई, आणि पावसाळ्यात तर जीपच्या पोटात शिरे. तेव्हा अण्णांनी ओळखीच्या माणसाकडून जास्तीचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, घालून घेतले, मोठे टायर बसवले आणि जीप चांगली अर्धी वीत वर उचलली. उंच झाल्यावर ती दिसायची मात्र झकास. पोरीबाळी मागे वळून बघत. पाण्यातून तर अशी जायची की रिक्षावाले कपाळाला हात लावत. फक्त तेव्हापासून तिला ही डावीकडची खोड लागली.

आता माझं सांगते. मला गाडी अण्णांनीच शिकवली होती. लायसन्सही त्यांनीच हट्टाने काढायला लावलं. मुलीला कशाला, असं कुणी विचारलं तर त्यालाच उलट चार शब्द ऐकवले होते. पण लायसन्स हातात आल्यावर जीपची चावी काही हातात येईना. "गाडी सरळ चालू दे, मग घे," हे ठरलेलं उत्तर. दर एप्रिलला आमच्या वस्तीतून जयंतीची मिरवणूक निघे. पुढे आमची जीप, तिच्यावर फुलांनी सजवलेला फोटो, चारी बाजूंना निळे झेंडे, आणि स्टेअरिंगवर अण्णा, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. मी मागे चालणाऱ्या बायकांत, हातात मेणबत्ती. मला ती मेणबत्ती नको होती. मला ते स्टेअरिंग हवं होतं, आणि हे मी घरात सगळ्यांना स्पष्ट सांगितलं होतं. अण्णा पेपर वाचत म्हणायचे, "सरळ चालू दे."

एका रविवारी जीपने हद्द केली. खारीच्या वळणावर खड्डा आला, हिसका बसला आणि आम्ही थेट एका आजोबांच्या अंगणात. तिथे बांबूंवर बोंबील वाळत घातले होते. ते सगळे बोनेटवर आले. आजोबा काठी घेऊन बाहेर आले, पण अण्णांचा उतरलेला चेहरा पाहून त्यांचाच राग गेला. "गारीला नजर लागली हाय," ते म्हणाले, "दुसरा काय न्हाय. लिंबू बांदा." अण्णांनी बोंबलांची भरपाई केली आणि जीप मागे घेतली. 

लिंबू हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारायचा नाही असं नव्हतं. लिंबू वरणभातावर पिळायचं. उन्हाळ्यात सरबत करायचं. पण ते दारात, गाडीत, दुकानात टांगायचं नाही. माझ्या आजोबांनी गावात अंगारे-धुपारे, नवससायास सगळं एका दिवसात सोडलं होतं, आणि ते सोडण्याची किंमत गावाने त्यांच्याकडून पुरेपूर वसूल केली होती. अण्णांना ते सगळं आठवत होतं. त्यामुळे लिंबू-मिरची दिसली की ते चिडायचे नाहीत, ते एकदम ताठ व्हायचे. मीही होते. अजूनही होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही काशीमिऱ्याच्या एका गॅरेजवर गेलो. तिथल्या उस्तादाचं जुन्या जीपवर काम चांगलं, असं सगळे म्हणायचे. त्याची एक पद्धत होती. त्याच्याकडून कुठलीही गाडी चारही चाकांखाली लिंबं चिरडल्याशिवाय आणि पुढे लिंबू-मिरची लटकवल्याशिवाय बाहेर पडत नसे. उस्ताद जीपखाली गेला, बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "साहब, गाड़ी को नजर लगेली है. पहले नींबू बांधो. और वो डंडा तिरछा हो गया है, उसका भी कुछ करना पड़ेगा."

अण्णा "नींबू" ऐकून वळलेसुद्धा. दुसरं वाक्य त्यांच्या पाठीवर पडलं. मी धावत जाऊन शेजारी बसले तोवर जीप सुरू झाली होती.

"अण्णा, तो डंडा म्हणाला."

"तो लिंबू म्हणाला."

"लिंबू म्हणाला आणि डंडाही म्हणाला."

"लिंबूवाल्याचं दुसरं कामून ऐकायचं?" अण्णा म्हणाले, आणि तेवढ्यात खड्डा आला आणि आम्ही डावीकडे गेलो.

त्यानंतर कितीतरी महिने आम्ही तशीच गाडी चालवली. अण्णांनी चाकं बदलून पाहिली, हवा कमी-जास्त केली, बेअरिंगं घातली. उस्तादाचं नाव काढायची सोय नव्हती. माझ्या डोक्यात तिडीक जायची. अरे, अंधश्रद्धा नको हे बरोबर, पण म्हणून त्या माणसाचं अर्धं वाक्य फेकून द्यायचं? तो लिंबू म्हणाला एवढ्यावर त्याचे डोळेही खोटे ठरवायचे? आणि मनात आणखी एक शंका होती, ती मी तोंडावर बोलून दाखवलीसुद्धा. "तुम्हाला गाडी सरळ व्हायलाच नकोय. सरळ झाली तर चावी द्यावी लागेल." अण्णांनी पेपरची घडी घातली, परत उघडली आणि वाचायला लागले. पेपर उलटा नव्हता, पण ते वाचत नव्हते हे मला कळलं.

एका दुपारी ते झोपले असताना मी गोणपाट टाकून जीपखाली शिरले. बघितलं तर उस्ताद बरोबर होता. स्टेअरिंगच्या बॉक्समधून एक आर्म खाली येतो आणि तिथून एक रॉड चाकाकडे जातो. गाडी उचलली तेव्हा बॉक्स वर गेला, चाक आपलं जमिनीवरच राहिलं. मधला रॉड भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखा तिरका झाला होता. आता चाक खड्ड्यात वरखाली झालं की ती शिडी सरळ व्हायला बघायची आणि चाकाला बाजूला ढकलायची. यात नजर कुणाची आणि कशाची! मी तिथेच पडल्या पडल्या हसले आणि ऑइलचा थेंब नेमका डोळ्यात घेतला.

मग अण्णा गावाला एका लग्नाला गेले. खिळ्यावर चावी होती. आई म्हणाली, "बघ हं." मी म्हटलं, "बघतेय." दुसऱ्या गिअरवर, गोगलगाईच्या चालीने मी काशीमिऱ्याला पोचले.

"पापा तो गुस्सा होके गये थे," उस्ताद म्हणाला.

"मैं नहीं हूँ. डंडा सीधा करना है. नींबू नहीं बांधना."

"मॅडम, मेरे यहाँ से बिना नींबू के गाड़ी नहीं निकलती. कल को कुछ हुआ तो?"

"तो नींबू की जगह तुम बैठो बाजू में. काम पे भरोसा है ना?"

गॅरेजमधले सगळे हसले. उस्तादही हसला आणि "ठीक है" म्हणाला. इतक्या लवकर म्हणाला, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

चाकाच्या वरच्या अंगाला नवा आर्म बसवायचा आणि रॉडचं टोक तिथे वर न्यायचं, म्हणजे रॉड आडवा होईल, असं ठरलं. उस्ताद पट्टीला पट्टी वेल्ड करून आर्म बनवणार होता. मी नाही म्हटलं. स्टेअरिंगच्या भागाला वेल्डिंग लावायचं नाही, हे मी अण्णांच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आले होते. तो म्हणाला, सगळे लावतात. मी म्हटलं, सगळे लावोत. मी तेव्हा भाईंदर पूर्वेच्याच एका इंडस्ट्रियल गाळ्यात ऑफिसचं काम बघायचे. आमच्याकडे मशीनचे भाग बनत. मी माप घेऊन गेले, शेठच्या मागे लागले आणि पोलादाच्या एका अखंड तुकड्यातून आर्म कातून आणला. उस्तादाने तो हातात घेऊन वजन पाहिलं आणि वेल्डिंगच्या पट्ट्या बाजूला ठेवल्या. जुना रॉड करंगळीएवढा वाटावा असा जाड नवा रॉड केला, दोन्ही टोकांना नवे बॉल जॉइंट. पहिल्यांदा बसवल्यावर स्टेअरिंग पूर्ण वळवलं तर रॉड पाट्याला घासायला लागला. उस्ताद वैतागला, मी वैतागले, दोघांनी एकमेकांना ऐकवलं, आणि परत सगळं खोलून जरा पुढे सरकवलं. मग घासला नाही.

उस्ताद कबूल केल्याप्रमाणे शेजारी बसला. हायवेच्या नाक्यापर्यंत मिळतील ते सगळे खड्डे मी मुद्दाम घेतले. जीप हादरली, उस्तादाचं डोकं छताच्या पाइपावर आपटलं, पण स्टेअरिंग हलेना. मला इतका आनंद झाला की मी नाक्यावर विनाकारण हॉर्न वाजवला.

अण्णा गावाहून आले ते बॅग ठेवून थेट जीपपाशी. मी बरोबरच खाली उतरले. त्यांनी वाकून पाहिलं, मग अंग टाकून खालीच गेले. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. नव्या आर्मवर जीपमधल्या पक्कडीने टकटक केल्याचा आवाज आला. "वेल्डिंग नाही," ते आतून म्हणाले.

"नाही."

 मग ते बाहेर आले तेव्हा चेहरा दगडाचा झाला होता. "जा, बघ," एवढंच म्हणाले.

मी खाली गेले. रॉडच्या मागे, आतल्या बाजूला, तारेने बांधलेलं एक लिंबू आणि हिरव्या मिरच्या. उस्तादाने माझ्या पाठीमागे बांधून टाकलं होतं. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी संताप आला. एवढं मोजमाप केलं, एवढी भांडले, तो अखंड आर्म कातून आणला, आणि आता सगळं श्रेय एका लिंबाला जाणार होतं.

"म्हणजे गाडी सरळ कुणी केली?" अण्णांनी वाकून विचारलं. "तू का त्याने?" त्यांचं बोट लिंबाकडे होतं.

"पक्कड द्या," मी म्हटलं.

मी तार कापली, वर आले आणि लिंबू-मिरच्या गटारात फेकल्या. अण्णा सवयीने उजव्या बाजूच्या सीटकडे निघाले होते. मी त्यांच्या आधी तिथे जाऊन बसले. क्षणभर ते दारापाशी उभे राहिले. मी स्टेअरिंग घट्ट धरलं आणि उतरले नाही. शेवटी ते बोनेटला वळसा घालून डावीकडे आले आणि बसले. फौजेत साहेब बसतात त्या सीटवर अण्णा पहिल्यांदाच बसत होते.

मी खारीच्या वळणाकडे घेतली. त्याच खड्ड्याकडे, त्याच बोंबलांच्या अंगणाकडे. आजोबा बाहेरच बसले होते. जीप येताना पाहून ते लगबगीने उठले आणि बांबूंसमोर जाऊन उभे राहिले. खड्डा आला तेव्हा मी दोन्ही हात स्टेअरिंगवरून काढून वर धरले. अण्णांचा हात समोरच्या दांड्याकडे गेला. चाक धाडकन आत गेलं, धाडकन वर आलं. जीप सरळ गेली, अंगणाला वळूनही न बघता. मागून आजोबांचा आवाज आला, "बांदला का न्हाय लिंबू?"

"न्हाय!" मी ओरडले.

अण्णांनी दांडा सोडला. मग त्यांनी गाडी परत फिरवायला लावली आणि तोच खड्डा पुन्हा घ्यायला सांगितला. तिसऱ्यांदा आजोबांनी बांबूंपुढून बाजूला होऊन खाट टाकली आणि ते निवांत बघत बसले.  घरी आल्यावर अण्णांनी चावी खिळ्याला न लावता टेबलावर, माझ्या ताटाजवळ ठेवली.

एप्रिलच्या आधी मिरवणुकीची बैठक झाली. कोण ढोल बघणार, कोण पाणी, हे ठरत होतं. जीपची पाळी आली तेव्हा अण्णा म्हणाले, "गाडी माझी पोरगी चालवेल." खोलीत चुळबुळ सुरू झाली. सगळे आमचेच लोक, भिंतीवर फोटो, प्रत्येकाच्या घरात तेच शिकवलेलं. तरीही कमिटीचे अध्यक्ष घसा साफ करून म्हणाले, "तसं नाही साहेब, पण पोरीच्या हातात गाडी, एवढी गर्दी. काही बरंवाईट झालं तर?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. अण्णांनी हात वर करून मला थांबवलं.

"मग काय करू?" ते म्हणाले. "लिंबू बांधू का?"