इंजिनावरचे दणके

खाडीपलीकडे जायला मी धक्क्यावर थांबलो होतो आणि समोर दामू आपल्या होडीच्या इंजिनाला बडवत होता. बडवत होता हाच शब्द बरोबर. इंजिन चालू केलं की कर्रकर्र ओरडायचं, हा पान्याने त्याच्या डोक्यावर दणका घालायचा, क्षणभर आवाज दबायचा आणि मग दुप्पट व्हायचा. रंगाचे टवके उडत होते.

त्याची बायको होडीतच फाटकं जाळं शिवत बसली होती. ती म्हणाली, "आवाज वर नाय, खाली पाण्यातल्या पंख्यात हाय. फळीतून माझ्या पायांना लागतोय."

"तू गप ऱ्हा," म्हणत त्याने आणखी एक हाणला.

मला संताप आला. पण आपल्याकडे खरखरणारा रेडिओसुद्धा थपडाच खातो. जे ओरडेल त्याला मारायचं आणि ते गप्प झालं की दुरुस्त झालं म्हणायचं. कुठे दुखतंय हे बघायला कोण थांबतो?

शेवटी इंजिन किंचाळून बंदच पडलं. होडीच्या मागच्या कडेला लटकवलेलं ते इंजिन दामूने पाण्याबाहेर उचललं. पंख्यामागे नायलॉनची दोरी गळफासासारखी आवळली होती, त्याच्याच जाळ्यातली. त्याने ती सुरीने कापून काढली. इंजिन सुरळीत चालू लागलं.

"बघ, कसं सुधारलं," म्हणत त्याने खुशीत इंजिनावर एक थाप मारली.

त्या आवाजासरशी बायकोचा सुई धरलेला हात आपोआप चेहऱ्यापुढे आडवा आला.