दोन कोयंड्यांचं दार

जुनं घर पाहायचं तर वैशाखात पाहावं. पावसाळ्यात आमच्या वाशीमकडची काळी माती पाणी पिऊन फुगते, भिंतींच्या भेगा मिटतात आणि घर कसं शहाण्यासारखं उभं राहतं. वैशाखात माती आटली की त्याची सगळी दुखणी उघडी पडतात. दलालांना हे चांगलं ठाऊक असतं, म्हणून ते गिऱ्हाइकाला श्रावणात बोलावतात. मी मात्र जन्मभर नर्सची नोकरी केली. लपवलेलं दुखणं मला लवकर कळतं.

नोकरीभर भाड्याच्या खोल्यांत राहिले. मेडशी, कामरगाव, शेवटी शिरपूर. कामरगावच्या खोलीची चौकट उन्हाळ्यात खचायची आणि आतली कडी लागायची नाही. घरमालकाला सांगितलं तर म्हणाला, "आपल्या गावात चोर नाहीत, सिस्टर. कायले घाबरता?" एकट्या बाईला कडी कशाला लागते, हे त्याला मी कोणत्या तोंडानं सांगणार होते? सगळा उन्हाळा दाराला ट्रंक लावून झोपले. झोपले कसली, पडून राहिले. तेव्हाच ठरवलं, रिटायर झाल्यावर लहान का असेना, स्वतःचं घर घ्यायचं आणि त्याचं दार आतून नीट लागलं पाहिजे. बाकी मला काही नको होतं.

घरं पाहायला मी एकटीच जायची. "सायेब नाही आले काय?" हा सगळीकडे पहिला प्रश्न. सायेब नाहीतच म्हटलं की समोरचा घर दाखवायचं सोडून माझ्याकडेच पाहत राहायचा. पाहा बापा, म्हणून मी माझं काम सुरू करायची. बोटाच्या पेरानं भिंत ठोकायची. बद्द आवाज आला की गिलावा सुटलेला. चौकटीच्या पायाशी खिळा टोचायचा. सहज आत गेला तर उधईनं लाकूड खाल्लेलं. फरशीवर पेलाभर पाणी ओतायचं आणि ते कुठं पळतं ते पाहायचं. आणि कॅलेंडर. ते भलत्याच जागी टांगलेलं दिसलं की मी न विचारता उचलते. एका घरात त्याच्यामागे हात जाईल एवढी भेग निघाली. मालक म्हणाला, "ते जुनं घर हाय, चालाचंच." मी म्हटलं, "मी बी जुनीच हाय, पण मले कोणी कॅलेंडर लावून झाकत नाही." त्यानं पुन्हा काही मला बोलावलं नाही.

शिरपूरचं घर मंदिराकडे जाणाऱ्या गल्लीतलं, एका किराणा दुकानवाल्या शेठजींचं. मुलं पुण्याला गेली होती, आता दोघं नवराबायकोही तिकडेच निघाले होते. भर वैशाखात मी गेले. खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग वर गेली होती, पण तिच्यात नखही पुरतं शिरत नव्हतं. लाकूड टणक होतं. ओतलेलं पाणी जागीच राहिलं. मी मनातल्या मनात चूलसुद्धा मांडली. शेवटी पुढचं दार लावलं, कडी वर नेली, आणि ती कोयंड्याच्या दोन बोटं अलीकडेच अडली.

"शेठजी, ही कडी लागत नाही."

त्यांनी दाराला खांदा देऊन कडी ओढली. मग त्यांच्या बायकोनं, भाभींनी, ओढून पाहिली. नाही लागली.

"काहून लागून नाही राह्यली?" शेठजींनी त्यांना विचारलं.

"मले काय मालूम," भाभी म्हणाल्या. "आपण लावली कवा?"

लग्न होऊन आल्यापासून ती कडी लावायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती. दीर, जावा, पोरं, दर्शनाला आलेले पाव्हणे. "कोणी ना कोणी दारात खाट टाकून झोपलेलंच राहे," त्या म्हणाल्या. "दार लोटून घेतलं का झालं." बाहेरून कुलूप तरी लावत असाल, मी विचारलं. "सगळे मिळून घर सोडून कुठी गेलोच नाही, सिस्टर."

मला राग आला. ते लबाड असते तर बरं झालं असतं, चार शब्द सुनावून निघाले असते. पण एवढ्या वर्षांत आपल्या दाराची कडी लागते की नाही हे ज्यांना पाहावंच लागलं नाही, त्यांचा मला हेवा वाटला. रडू येईल म्हणून मी उगाच खिडकीपाशी जाऊन ती भेग पुन्हा पाहू लागले. भाभी मात्र दारापाशीच होत्या. कडी वर न्यायच्या आणि सोडायच्या. "पुण्याच्या फ्लॅटचं दार म्हणे आपोआप लागते," त्या म्हणाल्या.

घर मी घेतलं. त्याचं दुखणं निदान माझ्या ओळखीचं होतं. सुताराकडून कडी पोचेल तिथं दुसरा कोयंडा ठोकून घेतला आणि त्या रात्री गाढ झोपले.

भादव्यात एका संध्याकाळी दार लावलं तर कडी नव्या कोयंड्यात जाईना. माती फुगून चौकट आपल्या मूळ जागी आली होती. जुन्या, कधी न वापरलेल्या कोयंड्यात कडी पहिल्याच झटक्यात बसली. मी मोठ्यानं म्हणाले, "काहून, जागा बदलली काय?" आणि स्वतःचाच आवाज ऐकून गप्प झाले. उन्हाळ्यात ती पुन्हा नव्यात आली.

परवा खिडकीच्या कामाला सुतार आला होता. म्हणाला, "सिस्टर, दोन कायले ठेवता? चौकट पक्की करून देतो, एकच कोयंडा बारा महिने चालन." मी म्हटलं, राहू दे. त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं. वर्षातून दोनदा का होईना, ह्या घरात माझ्याशिवाय कोणीतरी हलतं.